माल कोणत्या देशाचा? : मूळस्थानाचे नियम आणि आपले उद्योग

(ग्वाल्हेर येथे मराठी भाषिक व्यापारी, कारागीर व शिक्षक यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकताच आपणांपैकी काहींच्या मनात असा विचार आला असेल की, आंतरराष्ट्रीय करारांशी ग्वाल्हेरच्या गालिचे विणणाऱ्याचा किंवा मुरैना जिल्ह्यातील मोहरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा संबंध तो काय? असे करार दिल्लीत होतात, त्यांवर सह्या मंत्री करतात आणि त्यांची कलमे वकील वाचतात. परंतु या करारांमध्ये एक प्रकरण असे असते की, त्याचा धागा थेट आपल्या मागापर्यंत, खदानीपर्यंत आणि तेलघाण्यापर्यंत येऊन पोहोचतो. ते प्रकरण म्हणजे मूळस्थानाचे नियम.

जकात म्हणजे काय हे ग्वाल्हेरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. संस्थानी अमदानीत दरबाराची स्वतःची जकात होती, आणि हद्दीवर माल अडवून विचारणा होत असे. महाराष्ट्रातील आमच्या पिढीने नगरपालिकांचे जकात नाके पाहिले. मुंबईचा नाका तर २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होता. नाक्यावरचा कारकून दोन प्रश्न विचारी : माल काय आहे, आणि किमतीचा किती? देशाच्या सीमेवरील सीमाशुल्क अधिकारी याला तिसरा प्रश्न जोडतो : माल कोणत्या देशाचा? कारण दोन देशांनी आपापसांत सवलतीचा करार केला असेल, तर सवलत फक्त त्या दोघांच्याच मालाला मिळावयाची असते. तिसऱ्याच देशाचा माल भागीदार देशाच्या बंदरात उतरवून, खोका बदलून इकडे पाठविला, तर त्याला सवलत कशी देणार? म्हणून 'आपला माल' कोणाला म्हणावे याची व्याख्या करारातच लिहून ठेवावी लागते.

ही कल्पना जगात रुजण्यास भारताचाही हातभार लागलेला आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी शुल्कात प्रवेश द्यावा, या योजनेला तेथे मान्यता मिळाली. युरोपीय आर्थिक समाजाने ती १९७१ साली अमलात आणली, अमेरिकेने १९७६ साली. (अमेरिकेने भारताला या योजनेतून ५ जून २०१९ रोजी वगळले.) त्या सवलतीसाठी 'फॉर्म ए' नावाचे मूळस्थान प्रमाणपत्र लागे, आणि निर्यातीच्या धंद्यातील जुन्या मंडळींना ते नाव अजून आठवते. पुढे भारताने द्विपक्षीय व प्रादेशिक करार केले : श्रीलंकेशी १९९८ साली, दक्षिण आशियाई देशांशी २००४ साली, कोरियाशी आणि आग्नेय आशियाई देशांशी २००९ साली, संयुक्त अरब अमिराती व ऑस्ट्रेलिया यांच्याशी २०२२ साली, स्वित्झर्लंड-नॉर्वे आदी चार देशांच्या गटाशी २०२४ साली, आणि ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी. प्रत्येक करारातील मूळस्थानाचे नियम निराळे आहेत, आणि कारखानदाराची खरी डोकेदुखी येथूनच सुरू होते.

आता आपल्या परिसरातील जिन्नस घेऊ. पहिला जिन्नस दगड. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या वालुकाश्माच्या टेकडीवर उभा आहे, त्या जातीचा पांढरट, पिवळसर आणि हिरवट छटेचा दगड येथून परदेशी जातो. हा दगड याच भूमीतून निघतो, त्यात बाहेरचे काहीच नसते. अशा मालाला 'संपूर्णतः देशात प्राप्त झालेला' असे म्हणतात. शेतातील गहू, नाशिकची द्राक्षे, नदीतील मासे, खाणीतील खनिज हे सारे याच वर्गात मोडतात. येथे वादाला जागा नाही. दगड नुसता कापून पाठविला तर तो शुल्कवर्गीकरणाच्या २५१६ या शीर्षात जातो, तासून-घडवून पाठविला तर ६८०२ मध्ये. शुल्काच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा असला तरी दोन्ही प्रकारे तो भारताचाच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. युरोपसारख्या ठिकाणी दगडाच्या काही वर्गांवर मुळातच शुल्क नाही. जेथे शुल्क शून्य आहे तेथे सवलतीचे प्रमाणपत्र काढण्यात वेळ व पैसा खर्च करणे निरर्थक होय. कंपन्यांचा पहिला हिशेब हाच असतो : करार वापरला नाही तर किती शुल्क, वापरला तर किती, आणि दोहोंतील अंतर कागदपत्रांच्या खर्चाहून मोठे आहे काय? अंतर थोडे असेल तर पुष्कळ कंपन्या करार असूनही पूर्ण शुल्क भरून मोकळ्या होतात. करार झाला म्हणजे सर्वांनी तो वापरला, असे समजू नये.

दुसरा जिन्नस गालिचा, आणि येथे विषय खरा रंगतो. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ही नोंदणी आणि मूळस्थानाचे नियम या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यापारातील जाणती माणसेही त्यांची गल्लत करतात, म्हणून हे स्पष्ट सांगतो. भौगोलिक निर्देशांक नावाचे रक्षण करतो : ग्वाल्हेरच्या परंपरेने न विणलेल्या गालिच्याला ते नाव लावता येणार नाही. तो सीमाशुल्कात एका पैशाचीही सूट देत नाही. मूळस्थानाचे नियम नावाची विचारपूस करीत नाहीत. माल कोणत्या साहित्यापासून, कोठे आणि किती खर्चात घडला एवढेच ते पाहतात. चंदेरीच्या साडीला २००५ साली निर्देशांक मिळाला. पण तिच्यातील रेशमी सूत चीनमधून आलेले असू शकते, आणि परदेशी सीमाशुल्क अधिकारी नेमके त्या सुताबद्दलच विचारतो.

गालिच्याची लोकर पाहा. हातगाठीच्या गालिच्यात न्यूझीलंडची लोकर पुष्कळदा वापरली जाते. मग न्यूझीलंडच्या मेंढीच्या लोकरीचा गालिचा भारतीय कसा? याचे उत्तर देण्यासाठी जगाने दोन मुख्य कसोट्या काढल्या आहेत. पहिली कसोटी रूपांतराची. जगातील बहुतेक सर्व देश एकच सुसंवादी वर्गीकरण वापरतात. ते १९८८ साली अमलात आले, आणि त्यात प्रत्येक मालाला सहा आकडी क्रमांक असतो. कच्ची लोकर ५१०१ या शीर्षात, हातगाठीचा गालिचा ५७०१ मध्ये. साहित्य एका शीर्षातून आत आले आणि तयार माल दुसऱ्या शीर्षात बाहेर पडला, म्हणजे देशात खरे रूपांतर घडले असे मानतात. येथे नुसते चार आकडेच नव्हे, तर प्रकरणही बदलले. म्हणून ही कसोटी सहज पार पडते.

याउलट, एखाद्या व्यापाऱ्याने परदेशातून तयार गालिचे आणून येथे फक्त धुतले, कातरले, किनार शिवली आणि पुढे पाठविले, तर शीर्ष ५७०१ चे ५७०१ च राहते. धुणे, पुसणे, चाळणे, पेट्या भरणे, चिठ्ठ्या चिकटविणे यांना सर्वच करारांत 'किरकोळ क्रिया' म्हणून वगळलेले असते. ते योग्यच आहे. अन्यथा सगळा करार धुलाईच्या हौदात वाहून जाईल.

दुसरी कसोटी मूल्यवृद्धीची. तयार माल जहाजावर चढेपर्यंतची जी किंमत, तिला व्यापारी 'एफ.ओ.बी. किंमत' म्हणतात. तीतून परकीय साहित्याची किंमत वजा करावयाची आणि उरलेल्या रकमेचे शेकडा प्रमाण काढावयाचे. समजा, एका गालिच्याची एफ.ओ.बी. किंमत २०,००० रुपये आहे. त्यात ७,००० रुपयांची आयात लोकर आणि १,००० रुपयांचे आयात रंग गेले. परकीय साहित्य ८,००० चे, उरले १२,००० रुपये, म्हणजे मूल्यवृद्धी ६० टक्के. श्रीलंकेशी झालेल्या करारात ३५ टक्के पुरते. दक्षिण आशियाई करारात भारतासारख्या देशाला ४० टक्के लागते. आग्नेय आशियाई देश आणि कोरिया यांच्या बाबतीत ३५ टक्के. गालिचा सर्वत्र उत्तीर्ण.

परंतु हे १२,००० रुपये म्हणजे काय, हे थांबून पाहिले पाहिजे. त्यात सुती ताण्याचे पैसे आहेत, रंगाऱ्याचे आहेत, धुलाईचे आहेत, व्यापाऱ्याचा नफा आहे. आणि मोठा भाग महिनोन्महिने गाठी मारणाऱ्या विणकराच्या मजुरीचा आहे. म्हणजे कारागिराची मजुरी हीच गालिच्याचे भारतीयत्व सिद्ध करणारी रक्कम होय! आता व्यवहारात काय होते? ठेकेदार गावोगाव माग लावतो, लोकर वाटतो, पैसे रोखीने देतो. हजेरीपट नाही, पावती नाही, लोकर किती वजनाची दिली आणि किती परत आली याची वही नाही. गालिचा दोन-तीन हातांतून फिरून निर्यातदाराकडे जातो. वर्षभराने परदेशातील अधिकारी विचारतो की, अमुक गालिच्यातील साहित्य व मजुरी यांचा तपशील द्या. माल खरोखर भारतीय असतो, पण सिद्ध करता येत नाही. मग परदेशातील ग्राहकाला सवलतीने वाचलेले शुल्क दंडासह भरावे लागते. तो ते निर्यातदाराकडून वसूल करतो, आणि निर्यातदार पुढच्या हंगामात दर कमी करून ते विणकराच्या माथी मारतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि तो कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. मजुरीची नोंद ठेवणे हे कामगार कायद्याच्या दृष्टीने आवश्यक आहेच. निर्यातीच्या दृष्टीने ती मालाची जन्मपत्रिका आहे.

चंदेरीबद्दल थोडे सांगतो. रेशमी सूत ५००४ मध्ये, रेशमी कापड ५००७ मध्ये. तेव्हा चार आकडी शीर्ष बदलते आणि साध्या नियमाने कापड भारतीय ठरते. परंतु कापडाच्या बाबतीत पुष्कळ करार कठोर असतात. काही ठिकाणी सुतापासून कापड एवढे एक स्थित्यंतर पुरते. काही ठिकाणी तंतूपासून सूत आणि सुतापासून कापड अशी दोन्ही स्थित्यंतरे एकाच देशात व्हावी लागतात. उत्तर अमेरिकेतील देशांनी १९९४ सालच्या करारात 'सुतापासून पुढे सर्व आमच्याच प्रदेशात' असा नियम ठेवला होता. युरोपने २०११ पासून अल्पविकसित देशांसाठी दोनऐवजी एकच स्थित्यंतर पुरेसे मानले. त्यानंतर बांगलादेशातील शिवणकाम करणाऱ्या कारखान्यांना परदेशी कापड आणून कपडे शिवून विनाशुल्क पाठविणे सोपे झाले. नियमातील एका शब्दाने लाखो शिलाई यंत्रे कोठे चालावयाची हे ठरते. त्याच करारांच्या टेबलावर बसून आपले प्रतिनिधी आपल्या कापडासाठी कोणता शब्द मागतात, याकडे विणकरांच्या संस्थांनी लक्ष ठेवले पाहिजे.

आता कारखान्यांकडे वळू. मालनपूरला साबण होतो, चॉकलेट होते, टायरला लागणारे नायलॉनचे कापड होते; बानमोरला टायर होतात. हे सर्व जिन्नस थोड्याफार परकीय कच्च्या मालावर अवलंबून आहेत. साबणाचे उदाहरण विशेष बोधक आहे. पामतेल आणून त्याचा साबण केला तर १५११ पासून ३४०१ पर्यंत प्रवास झाला, प्रश्नच नाही. परंतु साबणाच्या धंद्यात 'सोप नूडल्स' नावाचा अर्धवट तयार माल मिळतो. समजा, एखाद्या कारखान्याने त्या नूडल्स परदेशातून आणल्या, त्यांत सुगंध व रंग मिसळला, दळून वड्या पाडल्या. नूडल्स ३४०१.२० या उपशीर्षात, आंघोळीच्या वड्या ३४०१.११ मध्ये. चार आकडी शीर्ष बदलले नाही, सहा आकडी उपशीर्ष बदलले. जो करार चार आकडी बदल मागतो, त्याच्या दृष्टीने हा साबण भारतीय नाही. जो सहा आकडी बदलावर भागवितो, त्याच्या दृष्टीने मूल्यवृद्धी पुरेशी असल्यास तो भारतीय आहे. एकाच दिवशी, एकाच यंत्रातून निघालेली एकच वडी कोलंबोच्या दृष्टीने परकी आणि सिंगापूरच्या दृष्टीने आपली ठरते.

म्हणूनच मोठ्या कंपन्यांत या कामासाठी वेगळा विभाग असतो. प्रत्येक मालाचे साहित्यपत्रक तयार करतात : कोणता घटक, कोणत्या शीर्षाचा, कोणत्या देशाचा, किती किमतीचा. देशातील पुरवठादारांकडूनही लेखी घोषणापत्र घेतात, कारण बाजारातून घेतलेली वस्तू देशातच घडलेली असते असे नाही. मग निरनिराळ्या करारांचे नियम लावून पाहतात. आणि कधी कधी उलट दिशेने विचार करतात, म्हणजे एखादा घटक परदेशाऐवजी पुण्याहून किंवा इंदूरहून घेतला तर माल पात्र ठरतो काय हे तपासून खरेदीच बदलतात. मूल्यवृद्धीच्या कसोटीत आणखी एक गोम आहे. रुपया घसरला किंवा जगात कच्च्या मालाचे भाव चढले की परकीय साहित्याचा वाटा वाढतो. कारखान्यात एकही खिळा हललेला नसतो, कामगार तेच असतात, परंतु चैत्रात पात्र असलेला माल आश्विनात अपात्र ठरतो. छोट्या कारखानदाराने हा हिशेब वर्षातून एकदा नव्हे, दर मोठ्या खरेदीनंतर करावा.

आतापर्यंत निर्यातीची बाजू पाहिली. आयातीची बाजू अधिक झोंबणारी आहे, आणि त्यासाठी श्रीलंकेची हकीकत सांगणे भाग आहे.

भारत-श्रीलंका करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला आणि १ मार्च २००० पासून अमलात आला. परकीय साहित्य एफ.ओ.बी. किमतीच्या ६५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि चार आकडी शीर्ष बदलावे, असा नियम होता. भारतीय साहित्य वापरल्यास श्रीलंकेतील मूल्यवृद्धी २५ टक्के असली तरी चाले, मात्र दोन्ही देशांची मिळून ती ३५ टक्के व्हावी लागे. हेतू चांगला होता. परंतु त्या काळी भारतात पामतेलावर जबर आयातशुल्क होते, तर श्रीलंकेत ते बरेच कमी होते. चतुर उद्योजकांनी, आणि त्यांत भारतीयच पुष्कळ होते, हे अंतर हेरले. त्यांनी श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने काढले. पामतेल बाहेरून आणावयाचे, त्याचे वनस्पती करावयाचे, आणि ते विनाशुल्क भारतात पाठवावयाचे. पामतेल १५११, वनस्पती १५१६ : शीर्ष बदलले, कायदा पाळला गेला! तांब्याच्या बाबतीतही तेच. श्रीलंकेत तांब्याच्या खाणी नाहीत. तेथे भंगार तांबे आणून वितळविले की ७४०४ चे ७४०३ झाले. भंगाराची किंमत कमी दाखवून मूल्यवृद्धी फुगविली जाते, असा आक्षेप भारतीय बाजूने घेतला गेला. देशातील वनस्पती उत्पादकांनी ओरड केली, आणि २००६ नंतर वनस्पती व तत्सम पदार्थांच्या सवलतीच्या आयातीला वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालण्यात आली. मग तेथील पुष्कळ कारखान्यांचा आधारच सुटला. ते श्रीलंकेच्या भूमीला किंवा बाजाराला धरून उभे नव्हतेच. दोन देशांच्या शुल्कातील फटीत उभे होते.

यात कोणी कायदा मोडला असे मी म्हणत नाही. व्यापारी नफ्याच्या वाटेने जाणारच. दोष नियम लिहिणाऱ्यांच्या पदरात जातो : ज्या जिन्नसावर दोन देशांत शुल्काचे अंतर मोठे असेल, त्या जिन्नसासाठी साधा सर्वसाधारण नियम न ठेवता खास नियम लिहावयास हवा होता. पुढील करारांत असे वस्तुनिहाय नियम वाढत गेले, त्याचे एक कारण हा अनुभव होय.

तेलाची ही गोष्ट चंबळच्या शेतकऱ्यासाठी जुनी झालेली नाही. १४ सप्टेंबर २०२४ रोजी भारताने खाद्यतेलांवरील मूळ आयातशुल्क वाढविले : कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवर २० टक्के, शुद्ध केलेल्या तेलांवर ३२.५ टक्के. आपल्या तेलबियांना भाव मिळावा हा त्यामागील हेतू होता. त्यानंतर नेपाळमार्गे शुद्ध सोयाबीन व पामतेलाची आयात झपाट्याने वाढली. नेपाळात पामची लागवड नाही. कच्चे तेल समुद्रापलीकडून, भारताच्याच बंदरांतून, नेपाळात जाते, तेथे शुद्ध होते आणि दक्षिण आशियाई कराराच्या सवलतीने शून्य शुल्कात परत येते. अल्पविकसित देशांसाठी त्या कराराचा सर्वसाधारण नियम ३० टक्के मूल्यवृद्धीचा आहे. आणि कच्च्या व शुद्ध तेलाच्या जागतिक भावांतील अंतर सामान्यतः त्याच्या जवळपासही नसते. देशातील तेल उद्योगाने मूळस्थानाच्या नियमांकडे बोट दाखविले ते यासाठीच. मे २०२५ अखेर सरकारने कच्च्या तेलांवरील मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले. नेपाळ आपला शेजारी व मित्र आहे, त्याचे उद्योग वाढावेत यात वावगे काही नाही. परंतु मुरैना-भिंडच्या मोहरीला संरक्षण देणारी भिंत बांधावयाची आणि तिला मागचे दार उघडे ठेवावयाचे, यात शेतकऱ्याची फसगत होते. मोहरीचा भाव पडला की तो व्यापाऱ्याला दोष देतो. खरे कारण कधी कधी करारातील एका टक्केवारीत असते.

सोन्याचीही अशीच एक चमत्कारिक हकीकत आहे. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, तेव्हा आयात सोन्यावर अन्य अबकारी भार लावण्याची जुनी व्यवस्था बदलली, आणि कोरियाच्या कराराखाली सोन्याची नाणी व तत्सम वस्तू जवळजवळ मोकळ्या वाटेने येऊ लागल्या. कोरिया म्हणजे काही सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध देश नव्हे! २५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारला ती आयात निर्बंधित करावी लागली.

अशा अनुभवांतून २०२० साली सीमाशुल्क कायद्यात २८ डी-ए हे नवे कलम घालण्यात आले आणि त्याखालील नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. पूर्वी आयातदार परदेशी प्रमाणपत्र दाखवून मोकळा होई. आता माल पात्र कसा ठरला याची माहिती आयातदाराने स्वतः मिळविली पाहिजे : उत्पादन कोठे झाले, कोणते परकीय साहित्य वापरले, कोणती कसोटी लावली, मूल्यवृद्धी किती. ही माहिती ठराविक नमुन्यात भरून निदान पाच वर्षे जपून ठेवावी लागते. संशय आल्यास अधिकारी सवलत स्थगित ठेवून भागीदार देशाकडे पडताळणी मागू शकतो. ग्वाल्हेर-मालनपूरचा एखादा छोटा कारखानदार थायलंडहून यंत्राचे सुटे भाग आणतो, तेव्हा तेथील कारखान्याच्या खर्चाचा तपशील त्याने कोठून आणावा, अशी तक्रार ऐकू येते. ती अगदीच पोकळ नाही. मोठ्या कंपनीला परदेशी पुरवठादार उत्तर देतो, छोट्याला टाळतो. त्यावर उपाय एकच : खरेदीचा करार करतानाच ही माहिती देण्याची अट त्यात लिहून घ्यावी. माल बंदरात अडकल्यावर पत्रे लिहून उपयोग होत नाही.

निर्यातीच्या प्रमाणपत्राविषयी व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून थांबतो. प्रमाणपत्रे दोन प्रकारची असतात. एक सवलतीचे, ते करारात नेमलेल्या शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थाच देतात. निर्यात तपासणी परिषद ही त्यांपैकी एक. दुसरे बिनसवलतीचे, ते फक्त माल भारताचा एवढेच सांगते. त्याने शुल्कात सूट मिळत नाही. ग्राहकाने कोणते मागितले आहे हे विचारून घ्यावे. २०१९ पासून विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संगणकीय व्यवस्थेतून अर्ज करण्याची सोय टप्प्याटप्प्याने झाली असल्यामुळे ग्वाल्हेरहून दिल्लीला खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. युरोपसाठी नोंदणीकृत निर्यातदाराने स्वतःच घोषणा करण्याची पद्धत २०१७ पासून आली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमलात आलेल्या स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाच्या करारातही निर्यातदाराच्या स्वयंघोषणेस स्थान आहे. यात सोय आहे, पण जबाबदारीही आपल्याच सहीवर येते.

मालाचा मार्गही पाहिला जातो. मालनपूरच्या कंटेनर डेपोतून निघालेली पेटी न्हावा शेवा किंवा मुंद्रा बंदरातून जहाजावर चढली आणि वाटेत कोलंबोला दुसऱ्या जहाजावर गेली, तरी चालते. मात्र तेथे ती सीमाशुल्काच्या ताब्यातच राहिली पाहिजे, उघडून त्यात भर घालता कामा नये, आणि जहाजाच्या बिलटीवर आरंभापासून अखेरपर्यंतचा मार्ग दिसला पाहिजे. वाटेतल्या देशात दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या नावाने बिल होणार असेल, तर करार त्यास मुभा देतो काय हे आधी पाहावे आणि प्रमाणपत्रात त्याची नोंद करून घ्यावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एखादा गालिचा, एक साबणाची वडी किंवा एक टायर देऊन त्याचे साहित्यपत्रक तयार करावयास सांगावे. कोणता घटक कोठला, किती किमतीचा, हे शोधताना त्यांना भूगोल, गणित आणि आपल्या गावचा धंदा एकदमच कळेल. आणि माग चालविणाऱ्या मंडळींनी उद्यापासून एक वही घालावी : किती किलो लोकर आली, कोणाकडून, किती दिवस कोण विणावयास बसले, मजुरी किती दिली. ठेकेदाराने वही मागितली नाही तरी ठेवावी, आणि तिची एक प्रत आपल्याच घरी असू द्यावी.